बुरशीचा आजार आणि औषधाची पारख

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढू लागले आणि अँफोटेरिसिन या बुरशीरोधक औषधाच्या कुप्यांसाठी नातलग दुकानोदुकानी हिंडू लागले, तेव्हा जे समज रूढ झाले त्यांतील पुष्कळसे अद्याप कायम आहेत. ते प्राणावर बेतणारे असल्यामुळे त्यांचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

बुरशी सारी एकच आणि तिच्यावरचे औषधही एकच, हा त्यांतील सर्वांत घातक समज. तोंडातील कँडिडाच्या चट्ट्यांवर गुणकारी ठरणारे फ्लुकोनॅझोल ॲस्परजिलस व म्युकर या दोहोंपुढे निष्प्रभ असते. ॲस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल अँफोटेरिसिनपेक्षा सरस असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत दिसले : बारा आठवड्यांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७१ व ५८ टक्के होते. परंतु हेच व्होरिकोनॅझोल म्युकरवर मुळीच चालत नाही. म्हणूनच रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला ते चालू असताना फुप्फुसात नवी छाया उमटली, तर म्युकरची शंका आधी घ्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली ॲस्परजिलसचे तंतू बारीक, पडदे असलेले आणि लघुकोनात फुटणारे दिसतात, तर म्युकरचे रुंद, फितीसारखे आणि बहुधा काटकोनात फाटे फुटणारे. ॲस्परजिलससाठी केली जाणारी गॅलॅक्टोमॅननची रक्ततपासणी मात्र म्युकर ओळखतच नाही, तेव्हा तिचा नकारात्मक अहवाल हा निर्धास्त होण्याचा दाखला नव्हे.

अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून अहवाल येईपर्यंत थांबावे, हेही चूक. संशय बळावला की औषध सुरू करावे आणि अहवाल आल्यावर ते बदलावे, हीच रीत हिताची. लायपोसोमल प्रकार मूत्रपिंडाला पुष्कळ सौम्य पडतो. म्युकरसाठी तो वजनाच्या दर किलोला रोज निदान ५ मिलिग्रॅम देतात, सलाइनऐवजी डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात आणि रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन वारंवार पाहतात.

नुसत्या औषधाने हा आजार हटेल अशी आशा बाळगणेही धोक्याचे, कारण म्युकर रक्तवाहिन्यांत शिरून रक्त गोठवतो आणि मृत ऊतकापर्यंत औषध पोहोचतच नाही (‘काळी बुरशी’ या नावातील काळेपणा त्या ऊतकाचा, बुरशीचा नव्हे). तेथे शस्त्रक्रिया आणि रक्तातील साखरेचा बंदोबस्त यांवाचून गत्यंतर नाही.

मात्रा सर्वांना सारखीच लागू पडते, हा समज तर सुशिक्षितांतही आढळतो. यकृतातील विकरांच्या आनुवंशिक भेदामुळे व्होरिकोनॅझोलची रक्तपातळी माणसागणिक बदलते, म्हणून ती मोजावी लागते; शिवाय ते प्रत्यारोपणानंतर देण्यात येणाऱ्या टॅक्रोलिमसची पातळी वाढवते, त्यामुळे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला टॅक्रोलिमसची मात्रा सुमारे एक तृतीयांशावर आणावी लागते, आणि व्होरिकोनॅझोल थांबवल्यावर ती पुन्हा वाढवण्याची तजवीजही आधीच करून ठेवावी लागते.