डाव्या पायाला टेकू

मोटार चालवताना उजव्या पायाला सतत काम असते. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक ही दोन्ही पेडले त्याच्याकडे. डाव्या पायाकडे फक्त क्लच, आणि मोकळ्या रस्त्यावर एकदा वरचा गिअर टाकला की कित्येक किलोमीटर क्लचला हात, म्हणजे पाय, लावावा लागत नाही. मग एवढा वेळ डावा पाय काय करतो? विश्रांती घेतो, हे उत्तर सोपे आहे. पण ते सर्व गाड्यांच्या बाबतीत खरे नाही.

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे एमजी टीडी ही दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार आहे. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९४९ ते १९५३ या काळात अशा सुमारे ३० हजार गाड्या तयार झाल्या. इंजिन १२५० घनसेंमीचे, बैठक जमिनीलगत, पाय जवळजवळ सरळ समोर पसरलेले. कॅम्पातल्या झाडीच्या रस्त्यांवर ही गाडी झकास चालते. पण घोटी, इगतपुरी करत कसारा घाट उतरून मुंबईकडे निघाले, की शहापूर येईपर्यंत स्नेह्यांची डावी नडगी आणि मांडी भरून येत असे. वय पासष्टीच्या पुढे. गाडी विकून टाकावी, अशी चर्चा घरात सुरू झाली होती.

गाडीत वाकून पाहिले की कारण दिसते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या डाव्या बाजूला गिअरबॉक्सवरचा उंचवटा असतो आणि या अरुंद गाडीत क्लचचे पेडल त्या उंचवट्याला जवळजवळ चिकटलेले आहे. मधल्या फटीत बूट धड मावत नाही. तेव्हा पाऊल एकतर क्लचच्या वर अधांतरी धरायचे, नाहीतर क्लचवरच टेकवायचे.

अधांतरी धरणे म्हणजे काय, हे वर्गात सहज करून पाहता येईल. विद्यार्थ्यांना खुर्चीवर बसवा, पाय थोडे पुढे घ्यायला सांगा आणि टाच जमिनीवर ठेवून फक्त चवडा उचलून धरायला सांगा. पहिल्या मिनिटात सगळे हसतात. चार-पाच मिनिटांनी नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू बोलू लागतो.

याचे गणित तरफेचे आहे. घोटा हा टेकू. पाऊल आणि बूट मिळून दीड किलो आणि त्यांचा गुरुत्वमध्य घोट्यापासून सुमारे ६ सेंमी पुढे धरू. नडगीच्या स्नायूची ओढ घोट्यापासून जेमतेम ४ सेंमीवर लागते. म्हणजे स्नायूला (१.५ × ६) ÷ ४, सुमारे सव्वादोन किलोंइतके बल लावावे लागते, टाचेवर येणाऱ्या पायाच्या भाराने त्यात आणखी भर पडते. आकडा किरकोळ आहे. हाच स्नायू चालताना याहून कितीतरी जास्त काम करतो. पण चालताना तो आवळतो आणि सैल पडतो, आणि सैल पडण्याच्या क्षणी त्यात ताजे रक्त खेळते. तीन तास एकसारख्या आवळलेल्या स्नायूला ही उसंत मिळत नाही.

दुसरा मार्ग, क्लचवर पाय टेकवण्याचा, पायाला बरा पण गाडीला वाईट. क्लचचे पेडल सुरुवातीला थोडे अंतर सैल खाली जाते. मेकॅनिक त्याला फ्री प्ले म्हणतात. पायाच्या नुसत्या वजनानेही हे अंतर संपते आणि रिलीज बेअरिंग फिरत्या भागाला घासू लागते. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हे बेअरिंग छऱ्यांचे नसून कार्बनची एक कडी असे. क्षणभराच्या घर्षणासाठी ती पुरेशी होती. तिला मैलोन्‌मैल घासत ठेवले तर ती झिजून जाते, आणि बदलायची तर गिअरबॉक्स सोडवावा लागतो.

पाय ठेवायला पक्की जागा हवी याचे आणखी एक कारण घाटात कळते. ताशी ३० किमी, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर वेगाने ३० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर केंद्राकडील त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे सुमारे २.३ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. चालकाचे वजन ६० किलो असेल तर त्यातले सुमारे ४० किलो कमरेच्या वर असतात. त्यांना गाडीबरोबर वळवायला ९० न्यूटनच्या आसपास बल लागते. जुन्या सपाट आसनांना कडेचे आधार नाहीत. बूड घसरत नाही, पण धड बाहेर कलते, आणि चालक नकळत स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरतो. ज्या चाकाने गाडी वळवायची त्यालाच लोंबकळणे चांगले नव्हे. डाव्या पायाने समोर २०० न्यूटनचा रेटा दिला, तर पाठ तेवढ्याच बलाने आसनावर दाबली जाते. घर्षण गुणांक ०.४ धरला तर पाठीला ८० न्यूटनपर्यंत आडवा आधार मिळतो. हात मोकळे होतात.

आता ठोकळा बसवायचा. टीडी गाड्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेला गेल्या आणि तिथे चालक डावीकडे बसतो. तिकडच्या आकृतीचे आरशातले प्रतिबिंब घेतले की आपले काम होईल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. गाडीची बैठक उजवी-डावी बदलते, पण पेडलांचा क्रम बदलत नाही; क्लच दोन्हीकडे डावाच. त्यामुळे अमेरिकेतल्या चालकाच्या डाव्या पायाशेजारी गाडीची बाहेरची बाजू येते आणि आपल्याकडे गिअरबॉक्सचा उंचवटा. माप इथेच घ्यावे लागते.

आम्ही ते पुठ्ठ्याने घेतले. पुठ्ठ्याचा त्रिकोणी ठोकळा करून, चालकाला नेहमीच्या बुटात बसवून, घोट्याचा कोन काटकोनाहून थोडा जास्त येईपर्यंत उतार कापत गेलो. पृष्ठभाग न दाबलेल्या क्लचच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवला, म्हणजे क्लचकडे जाताना पाऊल फक्त बाजूला सरकते. मग क्लच पूर्ण दाबून बूट ठोकळ्याला कुठे अडतो का ते पाहिले. ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची. ज्या पट्टीत तळवा अडकू शकतो ती नसलेली बरी. (चपला घालून गाडी चालवणाऱ्यांनी तर हा नाद करूच नये.) रुंदी अखेर ७ सेंमी मिळाली. चवड्याचा निम्म्याहून अधिक भाग टेकतो, तेवढा पुरतो.

जुन्या गाडीला भोके पाडायची कल्पना मालकाला सहन होत नव्हती, आणि ते आम्हालाही पटले. सुदैवाने टीडीचा तळ प्लायवुडच्या फळ्यांचा असतो आणि त्या बोल्ट काढून उचलता येतात. पेडले फळीच्या खालून खाचांतून वर येतात, त्या खाचा नीट आखून सुताराकडून हुबेहूब नवी फळी करून घेतली. तिच्यावर सागवानी ठोकळा, वर खाचांचा रबरी पत्रा. घाबरून पाय रोवला तर ५० किलोंचा रेटा सहज येतो, म्हणून लाकडी स्क्रूंवर न विसंबता आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर घातले.

त्यानंतर मुंबईची एक खेप झाली. नडगी आणि मांडीची तक्रार राहिली नाही. गुडघ्याची राहिली, कारण भिवंडी-ठाण्याच्या वाहतुकीत क्लच जेवढ्या वेळा दाबायचा तेवढ्या वेळा दाबावाच लागतो. तिथे ठोकळ्याचा उपयोग शून्य. गाडी विकण्याचा विषय मात्र मागे पडला आहे. मूळ फळी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. नव्या फळीचे बोल्ट दर पावसाळ्यानंतर पुन्हा आवळायचे, कारण पावसात फुगलेले लाकूड ऑक्टोबरात आक्रसते.