पावसाळा, पेडिक्युअर आणि माझा डावा पाय

मागच्या जुलैतली गोष्ट. बाळकुम नाक्यावर रिक्षावाल्याने 'पुढे पाणी आहे मॅडम' म्हणून उतरवलं आणि मी नवेकोरे बॅलेरिना शूज घालून, घोटाभर गढूळ पाण्यातून घरी आले. पाय पुसले, मॅगी केली, झोपले. दुसऱ्या रात्री दोन वाजता अशी थंडी भरली की दातावर दात वाजायला लागले. सकाळी डावी पोटरी लालभडक, तापलेली. हातसुद्धा लावू देईना!

कॉलेजपासून माझा हा पाय उजव्यापेक्षा जाड आहे. लिम्फेडेमा. पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी गोळा करून रक्तात परत सोडणाऱ्या लसिकावाहिन्या माझ्या या पायात जन्मतःच कमी. 'बाय गो, हत्तीपाय झाला का तुला?' गावातल्या मासळीवाल्या मावशी एकदा सगळ्यांदेखत विचारून मोकळ्या झाल्या. त्यांचं काय चुकलं? हत्तीरोगाच्या सरकारी यादीत ठाणे जिल्ह्याचं नाव आहेच. तो रोग घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे पसरतो, माझं कारण वेगळं. पण पाय लाल होऊन ताप भरतो, तो बहुतेक वेळा दोघांचाही सारखाच. वाहिन्यांचं काम बिघडलं की जंतूंशी लढणाऱ्या पेशींची ये-जाही मंदावते. मग एखाद्या बारीक चिरेतून शिरलेला स्ट्रेप्टोकॉकस अख्खा पाय पेटवतो. याला म्हणतात सेल्युलायटिस. असा प्रत्येक अटॅक उरल्यासुरल्या वाहिन्या खराब करतो, म्हणजे पुढच्याची सोय! कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी काढलेल्या बायकांना हाताची हीच भीती असते.

पाच दिवस हॉस्पिटलात, सलाईनमधून अँटिबायोटिक. डॉक्टरांनी पायाची बोटं फाकवली. 'ही चीर कधीची?' दर महिन्याला पेडिक्युअर करणाऱ्या मला पत्ताच नव्हता.

'आणि स्टॉकिंग?'

मी गप्प. बहिणीच्या लग्नात साडीखाली दिसतं म्हणून ते घट्ट स्टॉकिंग काढलं, ते परत चढलंच नाही. ठाण्याच्या उकाड्यात ते घालून बघा एकदा! पण 2020 साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पायाला कायम सूज आणि वारंवार सेल्युलायटिस असलेले 84 जण. नियमित कॉम्प्रेशन वापरणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांना तो परत झाला, न वापरणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांना.

आता रोज रात्री साबण, टॉवेलने बोटांच्या बेचक्या कोरड्या, फंगस दिसलं की लगेच मलम. पार्लरमध्ये क्युटिकल कापायला सक्त मनाई. स्टॉकिंग सकाळी उठल्या उठल्या. आणि ऑफिसला? गमबूट. काळे, गुडघ्यापर्यंतचे. लिफ्टमध्ये सगळे बघतात. बघू देत.