हँडल काढून मोटर बसवली, ते दशक

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची साथ सोडली. बातम्या आल्या त्या सुरक्षेच्या आणि नव्या संगणकांच्या खर्चाच्या. आमच्यासारख्या हौशी मंडळींचं त्या दिवशी आणखी एक दार बंद झालं, त्याची नोंद मात्र कुठेच झाली नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटांचं आहे आणि पॅरलल पोर्टमधून मशीन हलवणाऱ्या ‘मॅक थ्री’ या प्रोग्रॅमला ३२ बिटांचं विंडोज लागतं. जगभरातल्या हजारो लोकांनी हाताने फिरवायची मिलिंग मशीनं ज्या जोडणीच्या जोरावर संगणकावर चढवली, तिला बाजारातल्या चालू विंडोजमध्ये आता जागा नाही.

प्रोग्रॅम जुने होतात, त्याचं मला फारसं वाटत नाही. वाटतं ते त्यांच्याबरोबर गेलेल्या सवयीचं. लाकूडकामाची हौस असलेली तरुण मुलं आज विचारतात, ‘कुठलं मशीन घेऊ?’ ‘घरात पडलेल्या मशीनचं काय करता येईल?’ असं विचारणारं कुणी भेटत नाही. आकड्यांनी मशीन चालवण्याच्या या सगळ्या तंत्राची सुरुवातच जुन्या मशीनच्या रूपांतरातून झाली, हे तर कुणी सांगतही नाही.

अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याच्या वक्राचे बिंदू गणिताने काढून त्या बिंदूंवर टूल न्यायचं, ही त्यांची कल्पना. अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला आणि एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने १९५२मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. ते मशीन काही कोऱ्या कागदावरून बनवलेलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं ‘हायड्रोटेल’ हे तयार मिलिंग घेऊन त्यालाच शेकडो निर्वात नळ्यांचं नियंत्रण जोडलं होतं. पुढची तीन-चार दशकं कारखान्यांची. पट्ट्या गेल्या, चिप आल्या, १९८०मध्ये मशीनला हालचालीच्या आज्ञा देणाऱ्या जी-कोडचं आरएस-२७४-डी हे प्रमाण ठरलं. त्या काळात हौशी माणसाला कंट्रोलरची किंमत विचारायचीही सोय नव्हती, त्यामुळे त्या वर्षांत मी रेंगाळत नाही.

रेंगाळायचं ते साधारण २००५ ते २०१५ या दशकात.

त्याची पायाभरणी नव्वदच्या दशकात झाली होती. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने, निस्टने, ‘ईएमसी’ हा मशीन-नियंत्रक प्रोग्रॅम लिहिला. सरकारी काम असल्यामुळे तो कुणाच्या मालकीचा नव्हता. त्यातूनच पुढे लिनक्ससीएनसी उभं राहिलं. विंडोजवाल्यांसाठी मॅक थ्री आलं. दोन्हींना पुरायचा तो प्रिंटरचा जुना २५ पिनांचा पॅरलल पोर्ट. एका पिनेतून दिशा, दुसरीतून पल्स. एक पल्स गेली की मोटर एक पाऊल फिरते. एवढं समजलं की निम्मं काम झालं.

आणि त्या वेळी पुण्यात या कामासाठी लागणारं सगळं हाताशी होतं. ऑफिसांनी काढून टाकलेले संगणक मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळत. स्टेपर मोटरी भंगारातल्या छपाईयंत्रांतून निघत. पॉवर सप्लाय, रिले, वायर, कनेक्टर यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली होती, आणि तिथे नसलेलं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सापडे. कंस घडवायला, शाफ्ट टर्न करायला भोसरीच्या गल्ल्यांतले लेथवाले होते. तुमच्या कागदावरचं चित्र बघून ‘साहेब, इथे पॉइंट झिरो टू द्या, नाहीतर बेअरिंग बसणार नाही,’ असं सांगणारी ती माणसं. डिग्री नव्हती, पण मायक्रॉनची जाण हातात होती.

माझं मशीन म्हणजे टेबलावर बसेल एवढं, दोन हँडलांचं मिलिंग. शिसवाचे छोटे डबे, सागवानाच्या सांध्यांच्या खाचा असली कामं त्यावर चालत. हँडल उलट फिरवलं की टेबल हलण्याआधी थोडा भाग रिकामाच फिरे. हात ते सांभाळून घेतो, कारण हाताला कळतं की आता स्क्रूवरचा नट लागला. संगणकाला ते कळत नाही. म्हणून रूपांतराची पहिली पायरी मोटर नसतेच, डायल गेज असते. टेबलाला डायल टेकवायची, हँडल एका दिशेने फिरवून काटा शून्यावर आणायचा, मग उलट फिरवायचं आणि काटा हलायला लागेपर्यंत हँडलवरचे किती भाग गेले ते मोजायचे. हा बॅकलॅश. तो तसाच ठेवून वर्तुळ कापलं तर चार ठिकाणी सपाट डाग पडतात, बरोबर जिथे एक अक्ष दिशा बदलतो तिथे. मशीनचा आजार लाकडावर उमटलेला दिसतो. भोसरीच्या फिटरने माझा स्क्रू हातात फिरवून निदान केलं होतं, ‘जिब आवळून काही होणार नाही, मधला भाग खाल्लाय.’ मधला, कारण रोजचं काम टेबलाच्या मध्यावरच होतं. टोकाचे आटे नव्यासारखे आणि मधले झिजलेले. म्हणजे एका जागी नट घट्ट करावा तर दुसऱ्या जागी तो अडकतो.

यावर उपाय बॉल स्क्रूचा. १६ मिलिमीटर व्यासाचा, एका फेऱ्याला ५ मिलिमीटर पुढे जाणारा. त्याच्या नटात सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी अशा पोलादी गोळ्या फिरत असतात. नट स्क्रूवरून नुसता सरकवून काढला तर त्या सगळ्या जमिनीवर सांडतात, म्हणून स्क्रूच्या टोकाला तेवढ्याच जाडीचं नळकांडं लावून नट त्यावर उतरवायचा असतो. मोटर २०० पावलांत एक फेरा घेते. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डाने एका पावलाचे आठ भाग केले की १,६०० पल्सला ५ मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला ३२०. मॅक थ्री नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला २५,००० पल्स देई. भागाकार केला की मिनिटाला साडेचार मीटरच्या आसपास वरची मर्यादा येते, आणि स्टेपरचा जोर त्याच्या बराच आधी संपतो. आपल्या मशीनचा वेग कशाने अडतो, हे कागद-पेन्सिलीने काढता येत होतं.

लाकडाचं गणित धातूपेक्षा निराळं. मूळ स्पिंडल मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांचं. लाकडाला दहा हजारांच्या पुढचे फेरे हवेत. म्हणून डोक्यावर राउटर किंवा हाय-स्पीड स्पिंडल बसवायचा. मग फीड, म्हणजे टेबल सरकण्याचा वेग, कमी पडतं. दोन धारांचं टूल १२,००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि टेबल मिनिटाला १,८०० मिलिमीटर चालत असेल, तर प्रत्येक धार ०.०७५ मिलिमीटरचा छिलका काढते. फीड निम्म्यावर आणलं तर छिलक्याऐवजी भुकटी निघते, लाकूड करपतं आणि धार जाते. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यावर ती आणखी लवकर जाते. हे सगळं माणूस नाकाने शिकायचा. जळका वास आला की फीड वाढव.

या दशकाशी माझे काही हिशेब बाकी आहेत, ते इथे मांडतो. चांगले ड्रायव्हर विकणाऱ्या एका मोठ्या विक्रेत्याकडे गेलं की पहिला प्रश्न यायचा, ‘कंपनीचं लेटरहेड आहे का?’ पैसे रोख द्यायची तयारी असून उपयोग नसे. हौशी माणूस त्यांच्या लेखी वेळ खाणारा. मग बाहेरून यायचे ते तीन अक्षांचे निळे, स्वस्त बोर्ड. त्यांतले सिग्नल पुढे देणारे ऑप्टोकप्लर एवढे मंद की वेग वाढला की पल्स हरवायच्या, आणि सोबतच्या माहितीपत्रकात पिनांचे क्रमांक चुकीचे. किती जणांनी या बोर्डांपायी हा नाद सोडला असेल! तिसरा हिशेब आपल्याच लोकांशी. ‘संगणकाने कापलेलं लाकूड म्हणजे कारागिरी नव्हे’ असं म्हणणाऱ्यांनी रूपांतर होताना कधी पाहिलंच नव्हतं. स्तंभ टेबलाशी काटकोनात आणण्यासाठी पातळ शिम सरकवत बसणं, पुन्हा पुन्हा डायल फिरवणं, यापेक्षा संयमाची कारागिरी कुठली?

२००९मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी ‘जीआरबीएल’ आणलं. अर्डुइनो या छोट्या बोर्डाच्या ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये बसणारा हा प्रोग्रॅम सेकंदाला ३०,००० पल्स देतो. पॅरलल पोर्टची गरज संपली. २०११मध्ये एडवर्ड फोर्ड यांचं ‘शेपओको’ हे मशीन आलं, आराखड्यासकट सर्वांसाठी खुलं. ही कामं थोर होती आणि मी ती तशीच मानतो. एप्रिल २०१४मध्ये विंडोज एक्सपीची साथ संपली, तेव्हा पर्याय तयार होता तो अशा माणसांमुळे.

पण याच खुल्या कामाच्या पायावर तयार मशीनांचा बाजार उभा राहिला. ३०० बाय १८० मिलिमीटरची छोटी मशीनं खोक्यातून येऊ लागली. स्वस्त झाली हे चांगलंच. वाईट हे की खोक्याबरोबर समजण्याची गरजही गेली. सप्टेंबर २०२०मध्ये ऑटोडेस्कने टूलचा मार्ग आखणाऱ्या फ्यूजन ३६० या प्रोग्रॅमच्या मोफत वैयक्तिक परवान्यातून जलद सरक काढून टाकण्याची आणि चालू फायलींवर दहाची मर्यादा घालण्याची घोषणा केली. हवेतून रिकामं जातानाही टूल कापण्याच्या गतीने सरकू लागलं. ज्यांना जी-कोड वाचता येत होता त्यांनी फायलीत जी-झिरो, म्हणजे जलद सरकीची आज्ञा, परत घातला. ज्यांना येत नव्हता, ते मुकाट्याने थांबून राहिले. समज असलेल्या आणि नसलेल्या मालकांत काय फरक असतो, तो तेव्हा उघड झाला.

आज एमडीएफच्या जाळ्या, नावाच्या पाट्या, देव्हाऱ्यांची दारं गल्लीगल्लीत कापून मिळतात. चालवणाऱ्याला वर्तुळावरचा सपाट डाग दाखवा, तो म्हणतो, ‘फाइल खराब असेल.’ कंट्रोलर सीलबंद, सेटिंगला विक्रेत्याचा पासवर्ड, काही मशीनं तर इंटरनेटवर खातं उघडल्याशिवाय हलतच नाहीत. पैसे मालकाचे, मशीन मालकाच्या खोलीत, आणि ते उघडायचा अधिकार दुसऱ्याचा. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२मध्ये समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं आहेत. छोट्या कारागिराची मशीनं त्या यादीत यायला हवीत, आणि हे मागायला कारागिरांच्या संघटनांनी पुढे व्हायला हवं.

दुसरी मागणी आयटीआय आणि तंत्रनिकेतनांकडे. जुनी हातमशीनं भंगारात काढून त्यांच्या जागी काचेच्या पेटीतली तयार मशीनं मांडू नका. दरवर्षी एक जुनं मिलिंग विद्यार्थ्यांच्या गटाला द्या. त्यांना बॅकलॅश मोजू द्या, स्क्रू बदलू द्या, लिनक्ससीएनसी बसवू द्या. ते आजही मोफत आहे, आजही पॅरलल पोर्टच्या कार्डावर चालतं. वर्षाअखेरीस त्या मशीनवर सागवानाचं एक वर्तुळ कापून घ्या आणि गुण द्यायचे ते त्या वर्तुळाला द्या. त्यातून निघणाऱ्या मुलाला पुढे कुठल्याही कंपनीचं मशीन मिळालं, तरी ते बिघडल्यावर तो स्वतः पाना हातात घेईल.