माहिती म्हणजे ओळख नव्हे

मंडळी, या पानावर आपण कोलेस्टेरॉलपासून निवृत्तीच्या गुंतवणुकीपर्यंत बरेच काही वाचत असतो. आजचा माझा विषय या पानाच्या दोन्ही बाजूंना लागू पडावा, कारण त्यात माझ्या वडिलांचा रक्तदाब वाढला आणि त्यांची मुदत ठेव मोडता मोडता राहिली. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांची माहिती सुरक्षित कशी ठेवावी यावर ऑफिसात तासन्‌तास बोलतो. म्हणूनच हे लिहिताना थोडी लाज वाटते आहे.

गेल्या वर्षी गणपती होऊन पंधरा दिवस झाले होते. सांगलीला आमच्या घरी सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. बोलणारा स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, नमस्कार. मी न्यू जर्सीहून बोलतोय, तुमच्या मुलाच्या मंडळातलाच. घाबरू नका, पण एक अडचण झालीय." माझ्या गाडीचा धक्का लागून एक माणूस जखमी झाला, पोलिसांनी मला ठेवून घेतले, फोनही त्यांच्याकडेच आहे, वकिलाचे सहा लाख रुपये आजच भरायला हवेत, त्याच्या भारतातल्या माणसाच्या खात्यात भरले तरी चालतील, असे सगळे त्याने सांगितले. "वहिनींना तूर्त काही बोलू नका, घरात लहान मूल आहे," हेही वर.

माझे बाबा भोळे नाहीत. त्यांनी शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवले आहे. त्यांनी त्या माणसाची रीतसर परीक्षा घेतली. "आपण कुठले?" "मूळचे मिरजेचे." "गाडी कोणती आहे त्याची?" निळी, कंपनीच्या नावासकट बरोबर. "नातवाचं नाव?" त्याने शाळेतले नाव न सांगता घरातले सांगितले, ओजू. "गणपतीत त्याने अथर्वशीर्ष म्हटलं ना काका, आम्ही सगळे ऐकतच राहिलो." इथे बाबा विरघळले.

बाबांनी मला फोनही केला होता. पण इथे रात्रीचा दीड वाजला होता आणि माझा फोन मुका करून ठेवलेला होता. मी उचलला नाही, म्हणजे बातमी खरी, असे त्यांनी धरले आणि पासबुक घेऊन रिक्षाने बँक गाठली.

तिथल्या काउंटरवरच्या बाईंना ठेव मोडण्याची ही घाई खटकली. त्या म्हणाल्या, "काका, पैसे देते मी. पण आधी सूनबाईंना एक फोन लावा, माझ्यासमोर." माझी पत्नी नर्स आहे आणि त्या दिवशी रात्रपाळीला होती, म्हणून फोन उचलला गेला. "बाबा, ते घरी झोपलेत हो. ओजूही झोपलाय," एवढे ऐकल्यावर बाबा तिथल्याच खुर्चीवर बसले. बाईंनी पाणी दिले. पैसे वाचले. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. त्या माणसाला जे जे ठाऊक होते ते परक्या माणसाला कुठे सापडेल, हे शोधायला बसलो. सगळे हाती यायला चाळीस मिनिटे लागली. नव्या गाडीची पूजा, बोनेटवर नारळ आणि हळदकुंकू, खाली नंबर प्लेट: फेसबुकवर मीच टाकलेला फोटो, कोणालाही दिसेल असा. ओजूच्या अथर्वशीर्षाचा व्हिडिओ, मागे मंडळाचा फलक: तोही मीच टाकलेला. बाबांच्या पंचाहत्तरीचे फोटो, सांगलीच्या घराच्या नावाच्या पाटीसह: माझ्या बहिणीने. आणि बाबांचा फोन नंबर आमच्या कुलवृत्तांतात, जो कोणा उत्साही नातेवाइकाने स्कॅन करून इंटरनेटवर ठेवला आहे. त्या माणसाने हीच वाट धरली होती का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्याला कुलूप फोडावे लागले नसते एवढे नक्की. दार मीच उघडे ठेवले होते.

"मला लपवण्यासारखे आहे काय?" असे आपण नेहमी म्हणतो. मीही म्हणत असे. पण इथे गुपित असे काही फुटलेच नव्हते. प्रश्न वेगळाच आहे. अनोळखी माणूस भेटला की आपण विचारतो, कुठले तुम्ही, अमक्यांचे कोण, मामा कुठे असतात? दोन-तीन उत्तरे जुळली की तो घरचा होतो. ही कसोटी पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण ती माहिती फक्त घरच्यांनाच असे. आता ती सर्वांना आहे. कसोटी मात्र आपण बदललेली नाही.

गंमत म्हणजे मोठमोठ्या संस्थांनीही हीच कसोटी वापरली. आईचे माहेरचे आडनाव काय, हा प्रश्न आपल्याला बँकेने कधीतरी विचारलेला असतो. आपल्याकडे ते लग्नपत्रिकेत, स्थळाच्या माहितीपत्रकात आणि कुलवृत्तांतात छापलेले असते! सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहूचे ईमेल खाते एका विद्यार्थ्याने असेच उघडले. त्याला पासवर्ड ठाऊक नव्हता. जन्मतारीख, पिन कोड आणि नवऱ्याशी पहिली भेट कुठे झाली, या प्रश्नांची उत्तरे त्याने जाहीर माहितीतून शोधली, बस्स.

सोशल सिक्युरिटी नंबरची कथाही तीच. १९३६ पासून दिला जाणारा हा नंबर कमाईची नोंद ठेवण्यासाठी होता. १९४६ ते १९७२ या काळात निघालेल्या कार्डांवर तर 'ओळखीसाठी नव्हे' अशा अर्थाचे शब्दच छापलेले असत. तरी पुढे तो ओळखीचा पुरावा म्हणून सगळीकडे मागितला जाऊ लागला. मग २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतनोंदणी कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली: नावे, जन्मतारखा, पत्ते आणि हे नंबर. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार? तेव्हा आपली माहिती बाहेर गेलेलीच आहे, असे धरून वागणे शहाणपणाचे.

मग काय करायचे? फोटो टाकणे बंद? नाही. ओजूला बाबा वर्षाकाठी तीन आठवडे भेटतात, उरलेले वर्ष ते त्याला या फोटोंतच मोठा होताना पाहतात. तो आनंद मी का हिरावून घेऊ? आमच्या घरी आम्ही पुढील गोष्टी केल्या.

१. फेसबुकवरचे जुने फोटो एका फटक्यात फक्त मित्रांपुरते करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ती वापरली. नंबर प्लेट, घराची पाटी आणि मुलाच्या शाळेचे नाव दिसेल असे फोटो काढून टाकले. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाकतो.

२. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे पतनोंदणी गोठवली. म्हणजे आपल्या नावावर परक्याला कर्ज किंवा नवे कार्ड काढणे फार अवघड होते. २१ सप्टेंबर २०१८ पासून हे अमेरिकेत सर्वत्र मोफत आहे. चालू कार्डे आणि क्रेडिट स्कोअर यांवर त्याचा परिणाम होत नाही. स्वतःला कर्ज हवे असेल तेव्हा गोठवण तात्पुरती उठवता येते. तिन्हीकडे वेगवेगळे करावे लागते, हे मात्र विसरू नका.

३. ओजूचीही नोंद गोठवली. १६ वर्षांखालील मुलांसाठी पालकांना हे मोफत करता येते. इथे जन्मलेल्या मुलाला बाळपणीच नंबर मिळतो आणि पुढची कितीतरी वर्षे त्याच्या नावावरचे कर्ज कोणी तपासत नाही. चोराला आणखी काय हवे?

४. बँकेच्या प्रश्नांना खरी उत्तरे देणे सोडले. माझ्या आईचे माहेरचे आडनाव आता बँकेच्या दृष्टीने एका भाजीचे नाव आहे. ही उत्तरे पासवर्ड जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंदवून ठेवली, नाहीतर आपणच विसरायचो.

५. घराचा एक परवलीचा शब्द ठरवला. किल्ल्याच्या दारावर विचारत तसा. संकटाचा फोन आला, तर आधी शब्द. आवाज ओळखीचा वाटला तरीही, कारण संगणकाने आता आवाजाची नक्कल होते. अशा फसवणुकीबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२३ मध्येच सावध केले आहे. शब्द आला नाही तर फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. रात्री आई-बाबांचे नंबर तेवढे वाजतील, अशी सोय मी माझ्या फोनमध्ये केली आहे.

पैसे गेलेच, तर भारतात लगेच १९३० या नंबरवर आणि आपल्या बँकेला कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत कोणी आपल्या नावाचा गैरवापर केला, तर आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

आणखी एक विनंती. अशा वेळी आई-वडिलांवर चिडू नका. बाबा आठ दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. "मी मुलांना आयुष्यभर पडताळा करून बघायला शिकवलं, आणि स्वतःच..." एवढेच एकदा म्हणाले. मी त्यांना सांगितले, "बाबा, तुम्ही पडताळा केलात. उत्तरपत्रिका मीच फोडून ठेवली होती." खरे तेच आहे. लाजेपोटी माणसे गप्प बसतात, आणि पैसे गेल्यावरही तक्रार करत नाहीत.

येत्या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा हवापाणी आणि गुडघेदुखी यांच्या जोडीला हा विषय काढा आणि एक शब्द ठरवा. आमचा शब्द बाबांनी निवडला आहे. तो अर्थात इथे सांगत नाही. हल्ली मी फोन केला की ते 'हॅलो'च्या आधी गंभीर आवाजात म्हणतात, "शब्द?" मागून आई ओरडते, "अहो, पुरे! दिसतोय की तो व्हिडिओत." पण मी निमूटपणे शब्द सांगतो.