वायुशीतल यंत्राचा जीर्णोद्धार

खंडेनवमीस शस्त्रे, अवजारे, लेखणी, तराजू यांची पूजा मांडण्याचा आपल्याकडील प्रघात वाचकांस सांगणे नलगे. अवजार धुऊन-पुसून पाटावर ठेवणाऱ्या हातास त्याविषयी जी आस्था वाटते, तशीच आस्था जर्मनीतील श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउसेन या उपनगरात जन्मलेल्या एका मोटारीच्या वाट्यास आली आहे. पोर्शे ९११ ही ती मोटार. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या नावाने प्रथम मांडली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितल्यामुळे १९६४ साली तिचे नाव बदलावे लागले.

या गाडीचे इंजिन मागील बाजूस असते आणि ते थंड करण्यासाठी पाण्याचा थेंबही लागत नाही. सहा सिलिंडर, तीन एका अंगास व तीन दुसऱ्या अंगास, आडवे निजलेले. त्यांच्या अंगावरील पातळ पंखांवरून एक मोठा पंखा वारा लोटतो. उरलेली उष्णता तेल वाहून नेते. हे तेल इंजिनाच्या तळाशी न साठता वेगळ्या टाकीत असते. १९९८ साली ही वायुशीतल परंपरा थांबली. त्यामुळे जुनी इंजिने नव्याने बांधणे हीच त्यांना चालती ठेवण्याची वाट उरली आहे.

इंजिन उतरवून मेजावर घेतले म्हणजे कारागीर प्रथम त्यावरील ठोकलेला क्रमांक पाहतो. तो क्रमांक मूळ गाडीच्या नोंदीशी जुळत असेल, तर दोन अर्धांचे ते कवच, म्हणजे क्रँककेस, टाकून दुसरे आणणे म्हणजे गाडीची ओळखच पुसणे. मंदिराचा जीर्णोद्धार करताना गाभाऱ्यातील किती दगड बदलावेत, हा जो प्रश्न विश्वस्तांपुढे उभा राहतो, तोच येथेही उभा राहतो. आणि १९६८ ते १९७७ या काळातील इंजिनांत तो अधिकच बिकट असतो.

कारण त्या वर्षांत हे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे ओतले जाई. हा धातू ॲल्युमिनियमच्याही सुमारे दोन तृतीयांश वजनाचा. हलकेपणासाठीच तो निवडला होता. परंतु तो मऊ आहे आणि तापला की पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतो. प्रत्येक सिलिंडर चार लांब पोलादी स्टडांनी कवचाशी जखडलेला असतो, असे एकूण चोवीस. इंजिन तापले की धातू फुगतो, स्टड मात्र तितके लांबत नाहीत. सारा ताण मऊ धातूतील आट्यांवर येतो आणि एके दिवशी स्टड आट्यांसकट उपटून येतो. १९७४ नंतरच्या २.७ लिटरच्या इंजिनांत हे दुखणे विशेष आढळले. अमेरिकेतील धुराच्या नियमांसाठी काही गाड्यांना बसविलेल्या थर्मल रिॲक्टरने त्या उष्णतेत आणखी भर घातली. १९७८ पासून कारखाना पुन्हा ॲल्युमिनियमकडे वळला, यातच काय ते आले.

उपाय आहे, पण तो धीराचा आहे. चोवीसही भोके मोठी करून त्यांत पोलादी आट्यांच्या नळ्या बसवितात. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांची घरे वर्षानुवर्षांच्या उष्णतेने एका रेषेत राहिली नसतील, तर ती पुन्हा एका रेषेत बोअर करून घेतात. येथे काटकसर करून केवळ उपटलेले दोन-तीन स्टडच दुरुस्त करणाऱ्यांची कीव करावीशी वाटते; शेजारचा स्टड पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहत असतो.

मग बांधणी. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून जुने पुन्हा वापरावयाचे नाहीत. कवचाच्या दोन अर्धांमध्ये गॅस्केट नसते, केवळ लेप असतो. तो लावल्यावर वाळू लागण्याच्या आत अर्ध जोडून सगळे बोल्ट क्रमाने आवळावे लागतात. त्या घटकेस कारागिराला कोणी हाक मारू नये.

सर्वांत नाजूक काम कॅमशाफ्टचे. दोन्ही अंगांच्या कॅमशाफ्टना साखळ्या फिरवितात. साखळीचे चाक व त्यामागील चकती यांपैकी एकावर सतरा भोके, तर दुसऱ्यावर सोळा. त्यामुळे कोठे तरी एकच जोडी अचूक समोरासमोर येते आणि तेथे खिळी बसते. व्हॉल्व्ह किती उघडला हे डायल गेजवर मिलिमीटरच्या शतांशांत वाचून मगच नट आवळावयाचा. हा मेळ चुकला, किंवा साखळी ताणणारा जुना टेन्शनर दगा देऊन साखळी घसरली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून महिन्यांचे श्रम क्षणात मातीमोल होतात. १९८४ च्या ३.२ लिटर इंजिनापासून कारखान्याने तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर दिले; जाणते कारागीर जुन्या इंजिनांसही तेच बसवितात.

शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवितात. कोठे अडले तर जोर लावावयाचा नाही, उलगडून पाहावयाचे. टाकीत तेल भरून, ठिणगी बंद ठेवून, स्टार्टरवर इंजिन फिरवीत राहतात. तेलाच्या दाबाचा काटा हलल्याशिवाय ठिणगी जोडीत नाहीत. मग ते सहा सिलिंडर एक, सहा, दोन, चार, तीन, पाच या क्रमाने बोलू लागतात. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते तेल काढून फडक्यातून गाळतात आणि फडक्यावर धातूची चमक राहिली आहे का, ते उजेडात धरून पाहतात.