डोळे आले? ती जुनी बाटली आधी फेकून द्या!

पावसाळा आला की डोळे येण्याची साथही येतेच. शाळेतून एखादं पोर लाल डोळे घेऊन येतं आणि आठवड्याभरात सगळं घर डोळे चोळू लागतं. मग कुणी गुलाबपाणी सुचवतं, कुणी मध, तर कुणी कपाटातली थेंबांची जुनी बाटली काढून देतं. मैत्रिणींनो, आज या बाटलीविषयीच बोलायचं आहे.

मुंबईत १९७१ साली डोळ्यांची मोठी साथ आली होती. हा नवा रोग प्रथम १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घानात दिसला. माणूस चंद्रावर उतरला ते हेच वर्ष, म्हणून तिथल्या लोकांनी त्याचं नाव 'अपोलो' ठेवलं. बंगालमध्ये तो 'जय बांगला' झाला. आमच्या सासूबाई तेव्हा लालबागच्या चाळीत शाळकरी पोर होत्या. त्या सांगतात, "एका खोलीत आठ माणसं, दांडीवर दोन पंचे आणि सगळ्यांत मिळून काजळाची एक डबी!" साथ पसरायला आणखी काय हवं?

डोळे आठवड्यात बरे झाले. पण थोड्या रुग्णांची काही दिवसांनी कंबर दुखू लागली आणि पायांतली शक्ती गेली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. ई. पी. भरुचा व डॉ. मोंडकर यांनी १९७२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे जगापुढे मांडलं. १९८१ मध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त तपासून या लुळेपणाचा संबंध त्याच विषाणूशी जोडला. असं फार क्वचित होतं, पण डोळे येऊन गेल्यावर पाय जड वाटले तर दवाखाना गाठायलाच हवा.

मग या विषाणूवर औषध काय? खरं सांगायचं तर साथीच्या डोळ्यांवर विषाणू मारणारं खात्रीचं औषध आजही नाही. संशोधन चालू आहे, पण तूर्त स्वच्छता, थंड पाण्याच्या घड्या आणि धीर हाच उपाय. शरीर स्वतःच विषाणूला हरवतं.

मात्र हर्पिसचा विषाणू निराळा. तो बुब्बुळाच्या काचेवर व्रण करतो. त्यावर १९६२ मध्ये अमेरिकेत डॉ. कॉफमन यांनी आयडॉक्सयुरिडीन यशस्वीपणे वापरलं. युक्ती मोठी गमतीची आहे. विषाणू आपली माळ ओवत असताना हे औषध त्यात खोटा मणी सरकवतं आणि माळ बिघडते. पुढे ॲसायक्लोव्हिर आलं. ते मुख्यतः विषाणू शिरलेल्या पेशीतच जागं होतं, निरोगी पेशींना फारसा धक्का लावत नाही. त्यामागे ज्यांचं संशोधन होतं त्या गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण दोन्ही रोगांत डोळा लालच दिसतो, आणि फसगत होते ती इथेच. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा एकच डोळा लाल झाला, उजेड सोसवेना. घरात सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या वेळचे थेंब उरले होते, ते त्यांनी घातले. दोन दिवस लाली कमी झाली. पण थेंबांत स्टिरॉईड होतं, आणि आजार हर्पिसचा! स्टिरॉईडने लाली दबते, पण विषाणूला रान मोकळं मिळतं. व्रण वाढला आणि डोळ्यात कायमचं फूल पडलं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• प्रत्येकाचा टॉवेल, रुमाल, उशीचा अभ्रा वेगळा. काजळाची डबी सामायिक नको.

• डोळ्याला हात लागला की साबणाने हात धुवा.

• नुसतं बघून डोळे येत नाहीत, हात आणि कपडे लागून येतात. तेव्हा आजारी माणसाला वाळीत टाकू नका, पण मुलांना शाळेत पाठवू नका.

• खूप दुखणं, उजेड न सोसणं, अंधुक दिसणं किंवा डोळ्यात पांढरा ठिपका दिसणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

• मध, कांद्याचा रस, तुरटी डोळ्यात नको. दुकानदाराला विचारून थेंबही घेऊ नका.

आणि हो, आज कपाट आवराल तेव्हा ती उरलेली बाटली शोधा. थेंबांची बाटली फोडल्यावर साधारण महिनाभरच वापरायची असते. दोन पैसे वाया गेले तर जाऊ देत, डोळा मात्र पुन्हा विकत मिळत नाही.