मुंबई-हावडा मार्गावरचा ब्राझीलियन

वर्ल्डकप आला की आपल्या होस्टेलमध्ये पिवळ्या टी-शर्टांचं पीक येतं. पेलेपासून नेमारपर्यंत सगळी नावं तोंडपाठ. पण ज्या ब्राझीलियनने आपली कारकीर्द भारतात घडवली, त्या होजे रामिरेझ बरेटोचं नाव काढलं की रूममेट विचारतो, "हा कोण बुवा?" म्हणून हा लेख.

बरेटोचा जन्म 1976 चा, पोर्तो अलेग्रे शहरातला. ब्राझीलमध्ये फुटबॉलर इतके तयार होतात की सगळ्यांना घरच्या क्लबांत जागा मिळणं शक्यच नाही. मग ते जगभर पांगतात. आपल्या कॅम्पसमधून तरी सगळे कुठे बड्या कंपनीत लागतात? बरेटो 1999 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये आला. 1999-2000 आणि 2001-02 अशा दोन वेळा क्लबने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'सबुज तोता', म्हणजे हिरवा पोपट!

त्याचा खेळ समजून घेण्यासारखा आहे. कागदावर तो फॉरवर्ड. पण गोलपोस्टजवळ बॉलची वाट बघत उभं राहणं त्याला जमायचं नाही. तो खाली, मिडफिल्डमध्ये यायचा. त्याच्या मागे डिफेंडर गेला तर बचावात भगदाड, नाही गेला तर बरेटो मोकळा. मग तो वळून पास द्यायचा किंवा स्वतःच घुसायचा. म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

आता आपल्या महाराष्ट्राचा भाग. 2005-06 च्या हंगामात तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला. कोच गोव्याचे डेरिक परेरा, विंगवर मुंबईचा स्टीव्हन डायस आणि पुढे घानाचा युसिफ याकुबू. त्या हंगामात महिंद्राने फेडरेशन कप आणि नॅशनल लीग दोन्ही जिंकल्या. त्यानंतर मुंबईच्या क्लबला देशाची मुख्य लीग जिंकायला थेट 2020-21 उजाडावं लागलं, तेव्हा मुंबई सिटीने आयएसएल जिंकली.

पण मधल्या काळात, 2010 मध्ये, महिंद्राने आपली टीमच बंद केली. चॅम्पियन राहिलेली टीम एका निर्णयाने संपली! कंपनीची टीम कंपनीच्या मर्जीवर चालते, गावाची टीम लोकांच्या जिवावर. हा फरक आपण इंजिनिअर होणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. बरेटो त्याआधीच, 2006 मध्ये, मोहन बागानकडे परतला होता. 2012 मध्ये तिथला निरोपाचा सामना खेळला, तोही पुण्याच्या टीमविरुद्ध.

परदेशी खेळाडू करार संपला की बॅग भरून निघतो, असं आपण धरून चालतो. बरेटो इथेच राहिला. पुढे त्याने नवी मुंबईतल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीत लहान पोरांना शिकवलं.

आपल्यातले बरेच जण पुढे पुणे, बेंगळुरू, जर्मनी, अमेरिका करणार. फक्त पॅकेज पाहून गेलात तर करार संपेल तेव्हा नातंही संपेल. ज्या गावात राहाल तिथली पोरं तुमच्याकडून काही शिकली, तरच तिथे तुमचं नाव निघेल.

आणि हो, आपल्या शेगाव स्टेशनवरून जाणारी लाईन मुंबई-हावडाच आहे. बरेटोची दोन्ही गावं तिच्याच दोन टोकांना!